सातवी टीम

सिंगापूर
२९ जुलै २०२५

प्रिय पद्मामामा,

आईचं म्हणणं असं की तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला मराठी नीट लिहिता येत नाही, तर दोघांनी एकमेकांना पत्रं लिहावीत, म्हणजे दोन्ही प्रॉब्लेम एकदम सुटतील. ईमेल चालेल असं तिने कबूल केलंय. ती वाचणार नाही, तसं प्रॉमिस घेतलंय मी. तू म्हणे प्रत्येक मेलचा प्रिंट काढून फाइलला लावतोस. हे मला फारच आवडलं. आमच्याकडे प्रिंटरमध्ये शाई कधीच नसते.

आता मुद्दा. तू तीस वर्षं नागपूरच्या बास्केटबॉल लीगमध्ये त्या भोंग्याशेजारी बसून कान घालवलेस, त्यामुळे हा प्रश्न तुलाच विचारायचा.

मी आमच्या ईस्ट कॉलेज लीगची सेक्रेटरी झालेय. ऐकायला मोठं वाटतं, पण काम म्हणजे मेल्स वाचायच्या, हॉल बुक करायचा आणि सगळ्यांना आठवण करून द्यायची. मुलींच्या सहा टीम्स. प्रत्येक टीम बाकीच्या पाचांशी दोनदा खेळते, म्हणजे प्रत्येकीच्या दहा मॅचेस. हॉल बेडोकला आहे, तो आम्हाला दहा रविवार मिळतो, आणि एका रविवारी बरोबर तीन मॅचेस बसतात. सगळं इतकं फिट्ट आहे की सुई घालायला जागा नाही.

आणि आज सकाळी पत्र आलं. सातव्या टीमला आत यायचंय.

ही संध्याकाळच्या कॉलेजची टीम आहे. दिवसभर नोकरी करतात आणि सातनंतर डिग्रीचे क्लासेस. कॅप्टन आहे जाई, आपली मराठीच. ती चांगी बिझनेस पार्कमध्ये एका ऑफिसात काम करते. मी तिला ओळखते, कारण मंगळवारी मी त्यांच्याबरोबर प्रॅक्टिस करते. बेडोकच्या राहत्या ब्लॉक्सच्या मधलं उघडं कोर्ट. पाऊस आला की सगळ्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत पळतात आणि तिथे उभ्या उभ्या वाद घालतात. मग हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सवर, जाऊन नूडल्स. जाई इतकं जोरात बोलते की शेजारच्या टेबलवरचे आजोबा आता आमच्या मॅचेसचे रिझल्ट विचारतात.

तर, घ्यावं की नाही? अर्ज आज आला, पण चर्चा आधीपासूनच चालू आहे. घ्या म्हणणारे म्हणतात, त्या त्याच भागातल्या आहेत, कॉलेजच्या आहेत, खेळतात छान, मग अडलंय कुठे. नको म्हणणारे म्हणतात, सात हा आकडाच वाईट. दर रविवारी एक टीम बसून राहणार. आठवी कोणी नाही, आणि असती तरी चार मॅचेस हॉलमध्ये मावत नाहीत. आणि सात झाल्या तर प्रत्येकीच्या दहा मॅचेस होऊच शकत नाहीत.

नियम असा की अर्ज माझ्यामार्फत ३१ जुलैच्या आत सहाही टीम्सच्या हातात पडला पाहिजे. मग २४ ऑगस्टला मीटिंग, तिथे सहापैकी चार मतं मिळाली की ती टीम आत.

मागच्या सीझनची तीसही स्कोअरशीट्स फोटो काढून पाठवतेय. आमच्याकडे स्कोअरच्या टेबलावर बसायला कोणी तयार नसतं, म्हणून आमची मॅच सोडून बाकी जवळजवळ सगळी शीट्स मीच लिहिलीत. अक्षर बघ आणि मार्क दे. आमच्या टीमची शीट्स दुसऱ्यांनी लिहिलीत, ती घाण आहेत. आमची टीम शेवटची आली, त्याबद्दल काही बोलायचं नाही. मी पॉइंट गार्ड आहे. मॅचच्या अगदी शेवटी, जेव्हा खरं टेन्शन असतं, तेव्हा कोच मला आत पाठवतात.

मामीला नमस्कार.

तुझी,
अपूर्वा

•

नागपूर
३ ऑगस्ट २०२५

अपू,

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा स्वतःसाठी आणि एकदा मामीसाठी मोठ्याने. मराठीला दहापैकी आठ. एक मार्क 'मेल्स'चा कापला, एक उगीचच.

स्कोअरशीटांना दहापैकी दहा. मी टेबलावर बसणारी पोरं पुष्कळ तयार केली, पण पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं, हे एकदाही न चुकणारी तू तिसरी. खेळाडू आत उतरला की नावासमोर फुली मारायची, तीही त्याच क्वार्टरच्या रंगात, हे तर भलेभले विसरतात. पुढे कोणी शीट पाहिलं तर कोण केव्हा खेळलं ते रंगावरून कळलं पाहिजे. तुझ्या शीटवर कळतं. तुमच्या टीमची दहाही शीटं पाहिली. खरंच घाण आहेत, पण वाचता येतात.

आता सातचं. मी काल जेवणाच्या टेबलावर सात वाट्या मांडल्या. एक जागा बसणाऱ्याची ठरवली आणि सातही वाट्या गोल फिरवल्या. मामी म्हणाली, वरण कशात वाढू, हातावर? तिला म्हटलं, थांब जरा, सिंगापूरचा प्रश्न आहे. ती म्हणाली, सिंगापूरला सांगा, आमच्याकडे सातच वाट्या आहेत.

तर बघ. सात टीमा असल्या की एका वेळी सहा खेळतात. सहा म्हणजे तीन मॅचेस. तुमच्या हॉलमध्ये मावतात तेवढ्याच. जी सातवी बसते, तिने त्या रविवारी टेबल सांभाळायचं: शीट, घड्याळ आणि भोंगा. आमच्या लीगमध्ये हाच रिवाज होता. ज्याची सुट्टी, त्याचं टेबल. तुमच्याकडे टेबलावर बसायला कोणी नाही म्हणतेस, तर हे औषध आपल्या पायाने चालत आलंय. सात रविवारात प्रत्येकजण प्रत्येकाशी एकदा खेळून होतो. उरले तीन रविवार, त्यात वरच्या चौघींच्या सेमीफायनल, फायनल आणि तिसऱ्या जागेची मॅच, आणि खालच्या तिघींच्या आपसात. कोणाच्याही आठाच्या खाली जात नाहीत. दहाच्या आठ झाल्या तर आभाळ कोसळत नाही.

विषम आकडा वाईट, हे ज्यांनी कधी वेळापत्रक केलं नाही ते म्हणतात.

पण एक सांग. तू दोन्ही बाजू इतक्या सुरेख मांडल्यास, त्यात तुझी बाजू दिसली नाही मला. तू काय म्हणून राहिली?

पद्मामामा

•

सिंगापूर
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

उशीर झाला, सॉरी. नऊ तारखेला इथे नॅशनल डे होता, सगळीकडे सुट्टी, आणि बाबांनी आम्हाला ईस्ट कोस्टला सायकलवर इतकं फिरवलं की मला अजून नीट बसता येत नाहीये.

वाट्यांची आयडिया खूप भारी होती. पण आता तिचा उपयोग नाही. विषय संपला.

झालं असं की जाईचा अर्ज स्पॅममध्ये गेला होता. मला तो परवा दिसला, दहा तारखेला. तोपर्यंत डेट होऊन गेलेली. मी लगेच लीगच्या हेडना, मिस्टर गोंना कळवलं. ते रिटायर्ड शिक्षक आहेत आणि नियम म्हणजे नियम असे आहेत. म्हणाले, अर्ज वेळेत सगळ्यांपर्यंत पोचला नाही, आता पुढच्या वर्षी. २४ ला ते सहाच टीम्सच्या यादीवर सही करणार. कोणाची चूक नाही, असंच होतं कधीकधी.

जाईला मीच सांगितलं. ती म्हणाली ओके. जाई कधी नुसतं ओके म्हणत नाही, पण कामावर होती ना. तिची ही शेवटची टर्म आहे, डिग्री संपली की कॉलेजच्या टीमकडून खेळता येणार नाही. मला खूप वाईट वाटलं. पण नियम मी केलेला नाही.

एका दृष्टीने सुटल्यासारखंही वाटतंय. २४ च्या मीटिंगमध्ये मोठं भांडण झालं असतं. तीन टीम्स हो म्हणणार होत्या, दोन नाही, आणि आमची कॅप्टन हुई लिन काय करेल ते कोणालाच माहीत नव्हतं. आता सहा टीम्स, दहा मॅचेस, मागच्या वर्षीचंच वेळापत्रक तारखा बदलून चालेल. माझाही लास्ट सीझन आहे, तो तरी शांतपणे होईल.

आज मंगळवार, पण मी प्रॅक्टिसला गेले नाही. असाइनमेंट होती.

तुझी,
अपूर्वा

ता. क. मामीला म्हणावं, वाट्या परत घे.

•

नागपूर
१४ ऑगस्ट २०२५

अपू,

मी पत्रांची फाइल ठेवतो हे तुला ठाऊक आहे. तूच पहिल्या पत्रात लिहिलंस.

त्याच पत्रात, २९ जुलैला, पुढे लिहिलंस, 'आज सकाळी पत्र आलं.' टीमचं, कॅप्टनचं सगळं सांगितलंस. नियमाची तारीखसुद्धा लिहिलीस. आणि परवा लिहितेस की दहा ऑगस्टला पहिल्यांदा दिसलं.

मी ओरडून राहिलो नाही. तुझ्या आईला काही बोललो नाही आणि बोलणारही नाही. मला वाटतं तुला भीती वाटली असेल. तुमची टीम सहावी. सातवी आली आणि तीही चांगली खेळणारी, तर तुम्ही सातव्या. कॅप्टन काय म्हणेल, कॉलेज काय म्हणेल. अशी भीती मी मोठमोठ्या माणसांत पाहिली आहे. तू तर एकवीस वर्षांची आहेस.

टेबलाचा एक नियम तुला कोणी शिकवला नसेल तर मी शिकवतो. शेवटचा भोंगा वाजला, मॅच संपली, आणि मग लक्षात आलं की शीटवर चूक आहे, तर ती दुरुस्त करता येते. कोणी रागावत नाही, रेफरी शेजारी सही करतो आणि पुढे जातो. मात्र हे सगळं रेफरीने शेवटची सही करायच्या आधी. एकदा ती सही झाली की मग लिहिलेलं तेच खरं, जगभर.

तुमचे मिस्टर गो यादीवर सही २४ तारखेला करणार ना?

पद्मामामा

•

सिंगापूर
२१ ऑगस्ट २०२५

मामा,

पहिले तीन दिवस मी तुझ्यावर प्रचंड चिडले होते. मनात म्हटलं, हा माणूस तिकडे बसून माझे प्रिंट काढतो आणि पोलिसासारखा तारखा जुळवतो. चौथ्या दिवशी मी माझं पहिलं पत्र परत वाचलं. मग कोणावर चिडायचं ते कळेना.

हो. मी दाबून ठेवलं. २९ ला वाचलं, सगळ्यांना पाठवायला ड्राफ्ट केला, आणि सेंड नाही केलं. ३१ तारखेला दिवसभर फोन उलटा ठेवला होता. स्पॅमबिम काही नव्हतं.

पण तू कारण चुकीचं धरलंस. टीम सातवी येईल याची मला भीती नव्हती. आम्ही सहापैकी सहाव्या येतो, सातपैकी सातव्या आलो तर काय फरक पडतो.

खरं कारण इतकं छोटं आहे की लिहायला लाज वाटतेय. मी तुला लिहिलं होतं, खरं टेन्शन असतं तेव्हा कोच मला आत पाठवतात. खोटं आहे ते. मॅच पूर्ण हरलेली असते, दोन मिनिटं उरलेली असतात आणि मेन मुली दमलेल्या असतात, तेव्हा पाठवतात. दहापैकी सात मॅचेसमध्ये. मी मोजलंय. अख्ख्या सीझनमध्ये चौदा मिनिटं. त्या चौदा मिनिटांसाठी मी आठवड्यातून तीनदा प्रॅक्टिसला जाते. जाईकडे मंगळवारीसुद्धा त्यासाठीच जात होते, कारण तिथे मला बेंचवर कोणी बसवत नाही.

सात टीम्स झाल्या तर मॅचेस दहाच्या आठ. मी लगेच हिशोब केला की माझी मिनिटं अकरा होणार. आणि हे माझं शेवटचं वर्ष. म्हणून मी सेंड केलं नाही. तीन मिनिटांसाठी, मामा. जाईचा अख्खा सीझन घालवला मी, तिनेच मला खेळायला घेतलं होतं आणि.

आता मीटिंगला तीन दिवस उरलेत. मी बोलले तर सेक्रेटरी राहणार नाही बहुतेक, कदाचित टीममधूनही काढतील. नाही बोलले तर कोणाला कधीच कळणार नाही, तू सोडून. तू कधी असं काही केलंयस का? केलं असशील तर प्लीज सांग. मला बरं वाटेल.

अपूर्वा

•

नागपूर
२२ ऑगस्ट २०२५

अपू,

कारण मी चुकीचं धरलं, माझी चूक. दुरुस्त करून घेतो.

चौदा मिनिटांचं मला ठाऊक होतं. मिनिटं नव्हती ठाऊक, पण तुमच्या टीमची दहा शीटं पाहिली तेव्हा तुझ्या तेरा नंबरच्या ओळीवर बोट ठेवून गेलो. तीन शीटांवर तुझ्या नावासमोर काही नाही. सातांवर फुली आहे आणि सातही निळ्या. निळी म्हणजे दुसरा क्वार्टर नाहीतर चौथा, आणि दुसऱ्या क्वार्टरला आत घेतलेल्या पोरीच्या नावावर एखादा फाउल तरी पडतो. तू सांगितलं नाहीस, म्हणून मी विचारलं नाही.

मी कधी असं केलं का? नाही. तुला बरं वाटावं म्हणून गोष्ट रचता आली असती, पण या फाइलमध्ये आता खोटं घालायला नको.

एक मात्र सांगतो, जे तुझ्या आईलाही माहीत नाही. घरात सगळे म्हणतात पद्माकर कॉलेजकडून खेळायचा. कॉलेजच्या टीमची, नंबर छापलेली बनियन होती माझ्याकडे, हे खरं. तीन वर्षं मी बेंचवर बसलो. माझ्या नावासमोर फुली कधी पडलीच नाही, लाल नाही आणि निळी नाही. चौथ्या वर्षी टेबलावर माणूस हवा होता, मी जाऊन बसलो, आणि मग तीस वर्षं उठलो नाही. मजेत गेली ती, तक्रार नाही. पण तीन वर्षांत एकदाही मी कोचला म्हटलं नाही की सर, मला आत घ्या. मला वाटायचं, त्यांना दिसत असेल. त्यांना दिसत नव्हतं. बेंचवर बसलेली पोरं सगळी सारखीच दिसतात.

तू म्हटलंस का कधी?

आधी जाईला सांग. मीटिंगमध्ये तिला दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नकोस.

मामी विचारून राहिली की पत्रात काय आहे. मी म्हटलं, बास्केटबॉल.

पद्मामामा

•

सिंगापूर
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

काल रात्री मी दहा तास झोपले. जवळजवळ महिन्याने. आई म्हणाली, ताप आहे का? नाही म्हटलं.

नीट क्रमाने सांगते.

शनिवारी संध्याकाळी बेडोकला गेले. जाई एकटीच कोर्टवर शूटिंग करत होती. मी बोलायला लागले तर ती थांबली नाही, बॉल टाकत राहिली, मी सांगत राहिले. दोनदा बॉल माझ्याकडे आला, मी परत दिला. सगळं सांगून झालं, चौदा मिनिटांसकट. मग ती बॉलवर बसली आणि म्हणाली, "मला माहीत होतं."

तिच्या ऑफिसात आयटीत अनिमेष नावाचा एक जण आहे, त्याला तिने तेव्हाच विचारलं होतं. तो म्हणाला, ज्या मुलीला तू गेलं वर्षभर मेल करतेस तिच्याकडे तुझी मेल अचानक स्पॅममध्ये जाईल असं वाटत नाही. मी विचारलं, मग तू मला काही बोलली का नाहीस?

"तू परत खोटं बोलली असतीस तर?" जाई म्हणाली. "मग मला मंगळवारी कोणाशी भांडायला मिळालं असतं?"

मामा, मी तिथेच रडले. ती मला रडू देत होती आणि मध्येच म्हणाली की आता नूडल्स तू घेऊन ये, मी टेबल पकडते. आजोबा होतेच शेजारी. त्यांनी विचारलं, हरलात का?

मग रविवार. हॉलच्या वरच्या मजल्यावरची खोली, सहा कॅप्टन्स, मिस्टर गो आणि मी. मिस्टर गोंच्या समोर सीझनच्या टीम्सची यादी, सहा नावं, खाली सहीची रेघ. त्यांनी पेनचं टोपण काढलं. मी ठरवलं होतं की नीट उभं राहून बोलायचं, पण मी बसूनच बोलले, आणि खूप फास्ट. अर्ज २९ जुलैला आला. मी वाचला. मुद्दाम पुढे पाठवला नाही. स्पॅम हे खोटं होतं. कारण चौदा मिनिटं.



मिस्टर गोंनी एकच प्रश्न विचारला, "हे आज का सांगतेस?"

"तुम्ही सही करायच्या आधी सांगायचं होतं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि पेनला टोपण लावलं. मामा, त्या टोपणाचा टक् असा आवाज आला ना, तो मी आयुष्यभर विसरणार नाही. मला वाटलं माझ्या खांद्यावरून कोणीतरी भरलेली बॅग काढून घेतली.

ते म्हणाले, अर्ज वेळेत पोचला होता, सेक्रेटरीपर्यंत. पुढचा उशीर अर्ज करणाऱ्यांचा नाही. म्हणून आजच मत घ्यायचं.

मग वाद सुरू झाला, बरोबर तू म्हणालास तसा. सात आकडा विषम, एक टीम बसून राहणार. मी पिशवीतून वाट्या काढल्या. खरंच. आईकडून सात स्टीलच्या वाट्या मागून नेल्या होत्या, ती अजून विचारतेय कशाला. टेबलावर मांडल्या आणि फिरवून दाखवल्या. तीन जोड्या, एक बसलेली, बसलेलीने टेबल सांभाळायचं. नको म्हणणाऱ्यांपैकी एकीने स्वतः दोनदा फिरवून बघितल्या. तरी तिने मत नाहीच दिलं. तीन हो, दोन नाही, आणि राहिली आमची हुई लिन.

ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता संपलं. ती म्हणाली, "मिनिटं हवी होती तर मागायची ना, लाह. दोन वर्षं मला वाटत होतं की तुला टेबलच आवडतं." हे ती इंग्लिशमध्ये म्हणाली, पण लाह तसाच ठेवलाय, इथे सगळे तो वाक्याच्या शेवटी लावतात, त्याला मराठी नाही. आणि मग तिने हात वर केला. चार.

मिस्टर गोंनी यादीत सातवं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, शेजारी छोटी सही केली, आणि मग खाली मोठी सही.

माझं काय झालं ते राहिलंच. मी केलं ते मीटिंगच्या नोंदीत लिहिलं गेलं, ते राहणार. सेक्रेटरी ठेवलंय, पण यापुढे लीगची प्रत्येक मेल एकाच वेळी तिघांना जाणार. मला उलट बरं वाटलं. एकटीने वाचायचं आता काहीच नाही.

परवा गणपती. आमच्या कॉन्डोत प्रणितामावशींकडे आरती असते. वाट्या तोपर्यंत परत द्यायच्यात, नैवेद्याला लागतात.

तुझी,
अपूर्वा

ता. क. कोचना अजून विचारलं नाही. एका आठवड्यात एकच धाडस.

•

सिंगापूर
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय पद्मामामा,

मध्ये फक्त व्हॉट्सॅपवर थंब्ज-अप पाठवत होते, त्याबद्दल तू आईकडे तक्रार केलीस, मला कळलं. हे घे मोठं पत्र. फार मोठं नाही, उद्या टेस्ट आहे.

सात टीम्स मस्त चालल्यात. पहिल्याच रविवारी सुट्टी आमची आली, म्हणून जाईच्या टीमच्या पहिल्या मॅचला टेबलावर आम्हीच होतो. शीटच्या वर त्यांच्या टीमचं नाव लिहायचं काम मी कोणालाच दिलं नाही. हुई लिनने घड्याळ सांभाळलं आणि भोंगा दोनदा चुकून वाजवला. आता ती म्हणते की टेबलावर बसणाऱ्यांना मेडल द्यायला पाहिजे.

तुझा प्रश्न मी कोचना सप्टेंबरमध्ये विचारला. तू म्हणालास तसं सरळ: मला आत घ्या. ते म्हणाले, डिफेन्समध्ये तुझे पाय हळू आहेत. मी म्हटलं, मंगळवारी मी जाईला अडवते. ते म्हणाले, ती तर लीगमधली सगळ्यात फास्ट मुलगी आहे. मी म्हटलं, हो, दहापैकी चार वेळा अडवते. ते हसले.

काल आमची आणि जाईच्या टीमची मॅच होती. आम्ही हरलो, अकरा पॉइंट्सनी. जाई मॅचभर माझ्याशी मराठीत बोलत होती, म्हणजे मला चिडवत होती, आणि रेफरीला काही कळत नव्हतं. आजोबा आले होते बघायला, पूर्ण वेळ त्यांच्याच बाजूने ओरडत होते.

शीटचा फोटो जोडलाय. लिहिणारी नवीन होती, अक्षर भयंकर आहे, पण पेनं बरोबर वापरलीत, मी आधीच शिकवून ठेवलं होतं. आमच्या टीमच्या यादीत तेरा नंबरची ओळ बघ. फाउलच्या तीन खुणा आहेत, त्या तिन्ही जाईमुळे. त्यांच्याआधी फुली आहे. झूम कर.

तुझी,
अपूर्वा

•

नागपूर
१४ ऑक्टोबर २०२५

अपू,

मला झूम करता येत नाही. मामीने करून दिलं, आणि मग कशाला ते विचारलं, म्हणून तिला सगळं सांगावं लागलं, माझ्या बनियनसकट. ती म्हणाली, मला लग्नाच्या वर्षीच समजलं होतं, नवी कोरी होती ती.

प्रिंट काढला. आपल्याकडचा प्रिंटर फक्त काळं छापतो, म्हणून चौकातल्या दुकानात जाऊन रंगीत काढून आणला. चष्मा लावून पाहिलं, मग खिडकीशी नेऊन पाहिलं.

लाल आहे.

पद्मामामा